पुणे ते बँगलोर, माशांसकट

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो तेवढं काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात बोलता बोलता मी म्हणून गेलो की पुण्याहून बँगलोरला शिफ्ट होताना मला सगळ्यात जास्त टेन्शन नवीन जॉबचं नव्हतं, माशांचं होतं. त्यावर तुमचे इतके मेसेज आले की म्हटलं, यावर एक अख्खा भागच करू. काहींनी विचारलं, मासे नेले कसे? काहींनी विचारलं, नेले कशाला? आणि एकाने थेट विचारलं, सगळे जिवंत पोचले का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पोचले सगळे जिवंत. पण दोन दिवसांनी त्यातला एक जीव गेला. तो ८४० किलोमीटरच्या प्रवासाने नाही गेला, माझ्या चुकीने गेला. पोचल्यानंतर पहिल्या तासात मी एक गोष्ट करायची टाळली, दोन मिनिटांची. आजचा भाग खरं तर त्या दोन मिनिटांबद्दल आहे.

आधी टाकीबद्दल

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड, वाळू वगैरे धरून आत साधारण १६० लिटर पाणी मावतं. २०२१ मध्ये वर्क फ्रॉम होम चालू असताना सुरू केली. घरात सगळे तिला टाकी म्हणतात, आई मात्र "तुझा समुद्र" म्हणते. "तुझ्या समुद्राचं पाणी फरशीवर सांडलंय बघ," असं.

आत कोण कोण होतं? क्लाउनफिशची एक जोडी, म्हणजे सिनेमातल्या निमोवाली जात. एक ब्लेनी, जो दिवसभर काचेवरचं शेवाळ खात बसतो. काही गोगलगायी, दोन-चार हर्मिट क्रॅब. आणि एक क्लीनर श्रिंप. श्रिंप म्हणजे कोळंबीच, पण ही लालभडक, पाठीवर पांढरा पट्टा आणि लांबच लांब पांढऱ्या मिशा. समुद्रात हा प्राणी माशांच्या अंगावरचे परजीवी आणि मेलेली कातडी साफ करून देतो. टाकीत हात घातला की हा माझ्या नखांपाशी येऊन तेच काम सुरू करायचा. आई त्याला "मिशीवाला" म्हणायची. सकाळी सातला खाणं घालायचं काम आईचं होतं आणि तिची हजेरी मिशीवाल्यापासून सुरू व्हायची.

कोरल नाही का, असं बरेच जण विचारतात. नाही. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि रीफ बांधणारी सगळी प्रवाळं त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाबरोबर. त्यामुळे तो विषयच नको. माझे दगडसुद्धा समुद्रातून काढलेले नाहीत, सच्छिद्र सिरॅमिकचे आहेत. क्लाउनफिशची जोडी पैदास केंद्रात वाढलेली आहे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र आपल्याकडे बसवलंय, त्यामुळे समुद्रातून न पकडलेले क्लाउन मिळतात. क्लीनर श्रिंप मात्र बाजारात येतात ते बहुतेक समुद्रातून पकडलेले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हलवायचं म्हणजे नक्की काय हलवायचं?

ऑफर आली तेव्हा आई म्हणाली, "राहू दे ना इथेच. मी बघते."

मला तेच हवं होतं, खरं सांगतो. पण दर पंधरा दिवसांनी ३० लिटर पाणी बदलायचं असतं. म्हणजे मीठ कालवायचं, बादल्या उचलायच्या, नळी लावून तळातली घाण काढायची. आईच्या कंबरेचं दुखणं जुनं आहे. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग नीट ने." एवढंच.

पॅकर्सवाल्यांना फोन केले. जिवंत प्राणी कोणीच घ्यायला तयार नव्हतं आणि काचेची टाकी "तुमच्या जबाबदारीवर". शेवटी मामेभाऊ तयार झाला. त्याची सात सीटची गाडी, मागच्या सीट पाडल्या की टाकी बसते. दादा म्हणाला, "रात्रीचं निघू, मे महिना आहे, दिवसा मासे उकडतील." हा पूर्ण प्लॅनमधला सगळ्यात शहाणा सल्ला होता आणि तो मासे न पाळणाऱ्या माणसाने दिला.

आता मुद्द्याची गोष्ट. लोकांना वाटतं, टाकी हलवायची म्हणजे मासे आणि पाणी हलवायचं. तसं नसतं. तुम्ही हलवत असता ते बॅक्टेरिया.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. अमोनिया त्यांच्यासाठीच विष. टाकीतले एका प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे त्या नायट्राइटचं नायट्रेट, आणि नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं, पाणी बदललं की कमी होतं. ही वसाहत तयार व्हायला नव्या टाकीत महिना-दीड महिना लागतो. आणि ती पाण्यात तरंगत नसते. ती दगडांवर आणि फिल्टरमधल्या स्पंजवर चिकटून बसलेली असते. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर पाणी म्हणजे नुसता स्क्रीन, डेटाबेस दगडात आहे. दगड वाळले की डेटा गेला. आणि इथे बॅकअप नसतो.

म्हणून जुनं सगळं पाणी नेण्यात अर्थ नव्हता. मी फक्त ६० लिटर घेतलं, वीस-वीस लिटरच्या तीन कॅन. रस्त्यात काही झालं तर हाताशी असावं आणि माशांना एकदम परकं पाणी लागू नये म्हणून. बाकी १०० लिटर बँगलोरला आधीच तयार करून ठेवायचं ठरलं.

वाळू मात्र टाकून दिली. चार वर्षं बसलेली वाळू ढवळली की खाली साठलेली सगळी घाण एकदम पाण्यात येते. मी उपसायला घेतली तर तळाच्या थराला कुजक्या अंड्यांसारखा वास आला. तो हायड्रोजन सल्फाइड. तो जर माशांसोबत गाडीत असता तर आज हा भाग वेगळाच झाला असता.

पॅकिंग

निघायच्या दोन दिवस आधी माशांचं खाणं बंद. आईला हे अजिबात पटलं नाही. "प्रवासाला जाताना उपाशी ठेवतोस?" मी समजावलं की पोट रिकामं असेल तर पिशवीत घाण कमी होते, अमोनिया कमी होतो, आणि दोन दिवस न खाल्ल्याने धडधाकट माशाला काही होत नाही. ती म्हणाली, "बरं," आणि एका छोट्या डब्यात खाणं भरून वर चिकटपट्टी लावून लिहिलं: पोचल्यावर.

प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत. एकात एक अशा दोन पिशव्या, खालचे कोपरे टेपने दुमडून टाकलेले, कारण मासा कोपऱ्यात अडकतो. एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन. ऑक्सिजन दुकानदाराने सिलिंडरमधून भरून दिला. पाणी जास्त भरलं तर मासा जास्त सुखात राहील असं वाटतं, पण उलटं आहे. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्या पाण्यापेक्षा साधारण पाचवा भाग कमी मावतो आणि पाणी गरम झालं की आणखी कमी. वरचा ऑक्सिजनच त्याला तारतो.

जोडीलासुद्धा वेगळं केलं. क्लाउनफिशचं एक गंमतशीर असतं. सगळे नर म्हणून जन्मतात, गटातला वरचढ असतो तो मादी होतो. आमची मादी नरापेक्षा दीडपट मोठी आहे आणि घरात तिचंच चालतं. अरुंद पिशवीत वैताग आला असता तर तिने नराला चावलं असतं.

मग सगळ्या पिशव्या थर्माकोलच्या बॉक्समध्ये, वर झाकण, टेप. अंधारात मासे शांत राहतात आणि थर्माकोलमुळे तापमान टिकतं. दगड चार बादल्यांत, टाकीच्याच पाण्यात बुडवून. गोगलगायी आणि क्रॅब दगडांसोबत. बादल्यांमध्ये हवा सोडायला यूएसबीवर चालणारे दोन छोटे एअरपंप आणि एक तगडा पॉवरबँक. रिकामी टाकी दोन गाद्यांच्या मधे.

रात्री नऊला निघालो.

बेळगावच्या पुढे

खंबाटकी, सातारा, कराड. दादा चालवत होता, मी दर अर्ध्या तासाने मागे वळून थर्माकोलच्या बॉक्सकडे बघत होतो, जणू काही तो पळून जाणार आहे. कोल्हापूरला चहा. एअरपंपचा आवाज येतोय का, हे मी एकदाही तपासलं नाही, कारण गाडीत गाणी चालू होती.

बेळगाव ओलांडून एका ढाब्यावर थांबलो तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. दादाने इंजिन बंद केलं. आणि एकदम शांतता. एअरपंपची ती घरघर असते ना, ती नव्हती.

पॉवरबँक बंद. चार्जिंग बघितलं तर जवळपास पूर्ण भरलेला. बटण दाबलं की पंप सुरू, थोड्या वेळाने पुन्हा बंद.

इंजिनिअर मंडळींना कळलं असेल. पॉवरबँकला असं वाटतं की मी फोन चार्ज करतोय. फोन भरला की तो करंट घेणं कमी करतो, म्हणून करंट फारच कमी झाला की बरेच पॉवरबँक स्वतःहून बंद होतात. हे छोटे पंप इतका कमी करंट घेतात की पॉवरबँकला वाटलं, फोन भरला, झोपा आता. म्हणजे पंप बहुतेक पुण्यातून बाहेर पडायच्या आधीच बंद पडले होते. घरी मी टेस्ट केली होती ना! जेमतेम अर्धं मिनिट. आवाज आला, खूश झालो, काढून ठेवलं.

पहिल्यांदा आम्ही काय केलं, तर ढाब्यावरून मग मागून घेतला आणि बादलीतलंच पाणी मगाने उंचावरून परत बादलीत ओतत बसलो. पाणी पडतं तेव्हा हवा मिसळते, पंप तरी दुसरं काय करतो? दोघं जण पहाटे चार वाजता गाडीच्या डिकीत बादल्यांशी झटतोय आणि ढाब्याचा पोरगा बघतोय. मग डोक्यात आलं की पॉवरबँकला खरोखरच एक फोन लावून ठेवला तर करंट जास्त जाईल आणि तो बंद होणार नाही. दादाचा फोन २० टक्क्यांवर होता. तो लावला. पंप चालू राहिले. तो भरल्यावर माझा लावला. बँगलोरपर्यंत आम्ही असे फोन आलटून-पालटून लावत गेलो.

गोगलगायी, क्रॅब सगळे ठीक होते. दगडांवरचे बॅक्टेरियाही तगले, ते नंतर टेस्टमध्ये कळलं. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग. नऊनंतर ऊन चढलं तसा एसी २५ वर. तुमकूरला शेवटचं थांबलो तेव्हा मी मनात म्हटलं, जिंकलो.

तिथेच घात झाला बघा.

पोचल्यानंतरचा पहिला तास

बँगलोरला माशांच्या ग्रुपवरून ओळख झालेला एक मित्र आहे. त्याने माझ्यासाठी एवढं केलं की काय सांगू. स्वतःच्या आरओचं पाणी, माझ्या फ्लॅटवर आणलेलं निळं पिंप, त्यात १०० लिटर पाणी, लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशोबाने समुद्री मीठ, आणि आदल्या दिवसापासून आत मोटर फिरत ठेवलेली. हे मीठ म्हणजे स्वयंपाकघरातलं नव्हे. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं समुद्राच्या प्रमाणात असतं आणि ते नीट विरघळायला वेळ द्यावा लागतो.

रात्रीच त्याने फोटो पाठवला होता. हायड्रोमीटरचा काटा १.०२५ वर. माझ्या टाकीचाही आकडा १.०२५. मी अंगठा पाठवला. विषय संपला.

आता इथे थोडं रसायनशास्त्र ऐका, कारण पुढची चूक त्यावरच उभी आहे. बंद पिशवीत मासा श्वास घेतो तसा कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याने पाण्याचा पीएच उतरतो. पीएच कमी असला की अमोनियाचं रूप बदलून तो अमोनियम होतो, आणि ते बरंच कमी विषारी असतं. म्हणजे सतरा तास पिशवीत घाण साठतेय, पण ती एका अर्थी निःशस्त्र आहे. तुम्ही पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच वर येतो आणि तेच अमोनियम पुन्हा अमोनिया होतं. म्हणून लांबच्या प्रवासानंतर पिशवी उघडून त्यात तासभर थेंबथेंब नवीन पाणी सोडत बसायचं नाही. जवळच्या दुकानातून मासा आणला तर ती पद्धत ठीक. इथे मात्र पिशवी बंद ठेवूनच पाण्यावर तरंगवायची, तापमान सारखं झालं की उघडायची, मासा अलगद उचलून टाकीत सोडायचा, पिशवीतलं पाणी फेकून द्यायचं.

हा नियम मला तोंडपाठ होता. पण त्या नियमाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की हे तेव्हाच करायचं, जेव्हा पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याचा खारेपणा सारखा असतो आणि तो तुम्ही स्वतः, त्याच क्षणी, एकाच उपकरणाने मोजलेला असतो.

दुपारचे अडीच वाजलेले. रात्रभर झोप नाही. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. घरमालक अंकल दारात उभे, टाकीचं वजन किती, फरशीला काही होणार नाही ना, विचारतायत. बरोबरच आहे त्यांचं, सगळं धरून पावणेतीनशे किलोच्या आसपास जातं. मी त्यांना भिंतीलगत, खालच्या बीमवर जागा दाखवतोय. दादा कॅन वर आणतोय. टाकी लावली, नवीन धुतलेली वाळू घातली, दगड रचले, ६० लिटर जुनं, १०० लिटर नवीन पाणी ओतलं. पिशव्या तरंगवल्या. तापमान २६ झालं. माझा रिफ्रॅक्टोमीटर गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये होता.

मला तो आठवलाच नाही असं नाही. आठवला. मनात आलं, खाली जाऊन आणू का? मग म्हटलं, फोटो आहे ना, १.०२५.

पिशव्या उघडल्या. मासे सोडले. मिशीवाल्याला सोडला.

सकाळी

रात्री सगळे दगडांमागे लपलेले होते, ते नॉर्मल आहे. सकाळी जोडी बाहेर आली. ब्लेनी काचेला चिकटला. मिशीवाला एका कोपऱ्यात, हलतोय पण मिशा खाली. तेव्हा मला काहीतरी खटकलं आणि मी खाली जाऊन रिफ्रॅक्टोमीटर आणला. टाकीचं पाणी १.०२१. पिंपात तळाशी उरलेलं मोजलं, १.०१९.

मित्राचा हायड्रोमीटर काट्याचा होता. त्या काट्याला हवेचे बारीक बुडबुडे चिकटले की काटा वर उचलला जातो आणि आकडा जास्त दिसतो. काटा आधी टिचकी मारून बुडबुडे झटकायचे असतात. मी त्याने पाठवलेला फोटो पुन्हा झूम करून बघितला. बुडबुडे दिसत होते, चक्क. फोटो माझ्याकडे वीस तास होता.

माशांना खारेपणातला एवढा उतार चालून जातो. त्यांची शरीरं आतलं मीठ सांभाळू शकतात. पण कोळंबी, गोगलगायी अशा प्राण्यांचं तसं नसतं. बाहेरचं पाणी एकदम पातळ झालं की ते पाणी त्यांच्या शरीरात शिरतं. वर्षानुवर्षं १.०२५ मध्ये राहिलेल्या, सतरा तास पिशवीत थकलेल्या श्रिंपला मी एका मिनिटात १.०२१ मध्ये टाकलं होतं.

तेव्हा करण्यासारखं एवढंच होतं की खारेपणा एकदम नाही, हळूहळू वर आणायचा. टाकीचं पाणी रोज थोडं उडून जातं आणि एरवी त्या जागी आपण बिनमिठाचं पाणी घालतो. मी मिठाचं घालायला लागलो. १.०२५ ला यायला आठ दिवस लागले.

मिशीवाला तोपर्यंत नव्हता. दुसऱ्या सकाळी दगडापाशी लाल-पांढरं काहीतरी पडलेलं दिसलं. कोळंबी वाढताना कात टाकते आणि टाकलेली कात हुबेहूब मेलेल्या कोळंबीसारखी दिसते, मिशांसकट. नवीन लोक घाबरून ग्रुपवर फोटो टाकतात आणि आम्ही सांगतो, अरे कात आहे ती, तो मागे लपला असेल. त्या सकाळी मी स्वतःला तेच सांगितलं. चिमट्याने उचललं. कात पोकळ असते, हलकी असते. हे जड होतं.

आईचा फोन

आई रोज व्हिडिओ कॉल करायची. कॅमेरा टाकीकडे फिरव म्हणायची. पहिल्या दिवशी विचारलं, "मिशीवाला कुठाय?" मी म्हटलं, "दगडामागे असेल." दुसऱ्या दिवशी, "आज पण मागेच?" मी म्हटलं, "कात टाकली की लपतो तो, आई." तिसऱ्या दिवशी तिने विचारलंच नाही. तेव्हा मीच सांगितलं. काय झालं, कसं झालं, सगळं. हायड्रोमीटर, बुडबुडे, फोटो.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "पण तुझ्याकडे मोजायचं यंत्र होतं ना?"

"होतं."

"मग?"

मी गप्प. मित्राच्या हायड्रोमीटरवर मी किती वेळ बोललो होतो, तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्या पोराने शंभर लिटर पाणी उचलून तिसऱ्या मजल्यावर नेलं होतं, माझ्यासाठी. चूक त्याची नव्हती. मोजणं माझं काम होतं.

ऑफिसमध्ये मी हेच ज्युनिअर पोरांना सांगतो, दुसऱ्याच्या मशीनवर चाललं म्हणजे चाललं नाही, आपल्याकडे चालवून बघ. तिथे चुकलं तर रोलबॅक मारता येतो.

तर कोणी हलवणार असेल त्यांच्यासाठी

मेसेजमध्ये चौघांनी सांगितलंय की त्यांनाही टाकी हलवायची आहे, एकाला तर नागपूरहून हैदराबादला. थोडक्यात सांगतो.

एक, आधी ठरवा की कोण जायची गरज नाही. माझ्याकडे एक डॅमसेल मासाही होता. तो मी पुण्यातच एका ओळखीच्याला दिला आणि तो मजेत आहे. मिशीवाल्यालाही देऊ शकलो असतो. तो समुद्रातून आलेला होता, आणि नखं साफ करून देतो म्हणून मी त्याला सोबत घेतलं. तुमच्या हौसेसाठी कोण प्रवास करतोय, हे एकदा स्वतःला विचारा.

दोन, दगड आणि फिल्टरचा स्पंज ओले ठेवा, टाकीच्याच पाण्यात. नळाच्या पाण्याने धुऊ नका, त्यातलं क्लोरीन बॅक्टेरिया मारतं. जुनी वाळू टाकून द्या.

तीन, जे काही बॅटरीवर चालणार आहे, ते प्रवासाला जेवढा वेळ लागणार तेवढा वेळ घरी चालवून बघा. अर्ध्या मिनिटाची टेस्ट म्हणजे टेस्ट नव्हे.

चार, पोचल्यावर पिशवी उघडायच्या आधी टाकीचं पाणी मोजा. स्वतः, स्वतःच्या उपकरणाने, ज्याने जुन्या टाकीचं मोजलं होतं त्यानेच. फरक असेल तर पिशव्या बंदच राहू देत, टाकीचं पाणी आधी जुळवा. मासे पिशवीत आणखी अर्धा तास थांबू शकतात. सतरा तास थांबलेत.

पाच, पहिला आठवडा खाणं चिमूटभर आणि अमोनियाची टेस्ट रोज. माझ्याकडे तिसऱ्या दिवशी ०.२५ दिसला, थोडं पाणी बदललं, सहाव्या दिवशी शून्य.

आणि नेले कशाला, या प्रश्नाचं उत्तर. पाळलेला मासा समुद्रात सोडता येत नाही, सोडायचाही नसतो. ही जोडी मी आणली तेव्हा बोटाच्या पेराएवढी होती. क्लाउनफिश टाकीत वीस-वीस वर्षं जगलेत. म्हणजे मी अजून दोन नोकऱ्या बदलेन, कदाचित लग्न करेन, आणि ही बाई तेव्हाही आपल्या नवऱ्याला दगडामागे हाकलत असेल. ते ठाऊक असताना आणली होती, तर न्यायलाही हवी.

आईने दिलेला तो डबा सहाव्या दिवशी उघडला. "पोचल्यावर" लिहिलेली चिकटपट्टी मी काढून रिफ्रॅक्टोमीटरच्या डबीवर लावलीय. गेल्या महिन्यात आई बँगलोरला आली होती. सकाळी सातला टाकीपाशी उभी राहिली, खाणं घालायच्या आधी माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मोजलंस?"

मोजलं होतं. १.०२५.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्याकडे कुत्री, मांजरी, झाडं, काहीही घेऊन शहर बदलल्याचे किस्से असतील तर पाठवा. चुकांचे असतील तर आधी पाठवा. भेटू पुढच्या भागात.